ढालीवरची काठी

मेश्राम सर "आमच्या गावात" म्हणाले की ऐकणाऱ्याला आधी विचारून घ्यावं लागायचं, कुठल्या गावात. त्यांची गावं दोन होती. एक वर्धा जिल्ह्यातलं, जिथं त्यांचा जन्म झाला. दुसरं जर्मनीतलं. तिथल्या एका विद्यापीठात काम करताना ते सहा वर्षं जवळच्या खेड्यात, हान्ना नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या माडीवर भाड्यानं राहिले होते. "आमच्या गावात ओढ्याला पाणी आलं की खालच्या आळीचा रस्ता बंद," असं ते सुरू करायचे आणि वाक्य संपलं तरी ओढा कुठला ते कळायचं नाही. जर्मन गावाचं नाव चांगलं वीतभर लांब होतं. मी ते पाच-सहा वेळा म्हणून बघितलं आणि नाद सोडला.

सिंगापूरमध्ये पुंगोलला आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. आम्ही बाराव्या मजल्यावर, ते नवव्या. धातूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ते होते. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ, तिथल्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशात बोटभर उरलेली पेन्सिल. ती आणखी झिजली की जुन्या पेनाच्या टोपणात खोचून महिनाभर चालवायचे. पत्नी नागपूरला कॉलेजात शिकवायच्या, सुट्टीत इकडे यायच्या. एरवी सर एकटेच.

आमची ओळख झाली ती लिफ्टमध्ये, माझ्या मुलीच्या तक्त्यामुळे. इरा तेव्हा तिसरीत होती. शाळेनं काम दिलं होतं, आपल्या घराण्याचं मानचिन्ह तयार करा. राजेरजवाड्यांच्या ढालींवर असतं तसं. माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, इंटरनेटवर शोधून एक सिंह काढून दिला. इरानं तो पांढऱ्या कागदावर पिवळा रंगवला, डोक्यावर मुकुट ठेवला. तो ओला तक्ता दोन्ही हातांत धरून ती लिफ्टमध्ये उभी होती. नवव्या मजल्यावर हे गृहस्थ आत आले, तक्त्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाले, "सिंह दिसत नाहीये."

आम्ही मराठी आहोत हे त्यांना आमच्या बोलण्यावरून आधीच कळलेलं असावं. इरा म्हणाली, "It's there, what." लिफ्ट खाली पोचली. सरांनी तिला तिथंच उभं राहायला सांगितलं आणि स्वतः ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत पार सायकली लावतात तिथपर्यंत चालत गेले. तिथून वळून बघितलं, परत आले. म्हणाले, इथून तिथपर्यंत गेलो तर कागद कोराच दिसतो. ढाल जवळून बघायची वस्तू नाही. लढाईत धुरळ्यातून, लांबून ओळखू यायला हवी. म्हणून जुन्या लोकांनी नियम केला होता. पिवळं म्हणजे सोनं, पांढरं म्हणजे चांदी, हे दोन्ही धातू. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. धातूवर रंग ठेवा नाहीतर रंगावर धातू, तरच ते दिसतं.

मग त्यांनी इराला विचारलं की तुमच्या घरात सिंह कुणी पाहिलाय. इरा म्हणाली, zoo मध्ये. घरात काय आहे? तिनं बराच विचार केला आणि सांगितलं, कुकर. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघांनी बसून लाल ढालीवर पांढरा कुकर काढला, वर शिट्टी, शिट्टीतून वाफेच्या तीन रेघा. शाळेत बाकी मुलांचे सिंह आणि ड्रॅगन होते. बाईंनी इराचा तक्ता वर्गाच्या दारावर लावला.

तेव्हापासून सर आमच्याकडे यायला लागले. इरा त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचे. तिनं "cannot lah" म्हटलं की ते सांगायचे, "आधी 'जमणार नाही' असं म्हण. मग बघू जमतं की नाही." ती म्हणेपर्यंत थांबायचे. थांबण्याची त्यांना घाई नसायची. दोन वर्षांत माझ्या मुलीचं जे काही मराठी सुधारलं ते त्या थांबण्यानं. आमच्या ओरडण्यानं काही झालं नव्हतं.

त्यांचं आणखी एक खूळ होतं, डाव्या-उजव्याचं. ढालीचं वर्णन करताना उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची उजवी नव्हे, ढाल धरणाऱ्याची. म्हणजे आपल्याला डावीकडे दिसतं ते खरं उजवीकडे. निखिलला हे काही केल्या पटायचं नाही. बघतो तर आपण, मग आपल्या बाजूनं का नाही, असा त्याचा सवाल. सरांनी सोफ्यावरची उशी इराच्या हातात दिली, तिला ढालीसारखी धरायला लावली आणि निखिलला म्हणाले, "अंगावर वार हिच्या येणार, तुमच्या नाही. तर बाजू हिचीच धरायची." रविवारी सकाळी आम्हाला बोलावून सर हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, न्यायचे, बिनसाखरेची काळी कॉफी घ्यायचे, आणि दुकानांच्या पाट्या बघून कुठली लांबून वाचता येते, कुठली येत नाही ते सांगायचे.

तिथंच, एका रविवारी, त्यांनी कागदी रुमालावर पेन्सिलीनं त्यांच्या जर्मन गावाचं मानचिन्ह मला काढून दाखवलं. ढालीचे आडवे दोन भाग. मधली सीमारेषा लाटेसारखी, तो गावचा ओढा. वरचा भाग हिरवा, खालचा पांढरा. पांढऱ्यावर लिंडन नावाच्या झाडाची तीन हिरवी पानं. आणि वर, हिरव्यावर, एक सोनेरी काठी, उभी, टोकाला लोखंड बसवलेली. हे चिन्ह गावच्या बसथांब्यावर होतं, शाळेवर होतं, अग्निशमनाच्या गाडीवर होतं, अगदी कचरा कधी उचलणार त्याच्या पत्रकावरही होतं.

पहिल्या दिवशी ते बॅग घेऊन बसमधून उतरले आणि थांब्यावरची ती ढाल बघत उभे राहिले. बर्फ पडत होता. हान्नाबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या. त्यांना वाटलं, पाहुण्याला थंडी सहन होत नाहीये.

तीन पानांचा अर्थ सोपा होता. गाव मुळात तीन वाड्यांचं. दोन वाड्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, शेतकऱ्यांच्या. तिसरी खालच्या अंगाला, आणि ती निरोप्यांची. तिथल्या घरांवर पूर्वी सक्ती होती. जहागीरदाराचा निरोप आला की कामं टाकून निघायचं, रान तुडवत शेजारच्या गावी पोचवायचा. कुणी अधिकारी आला तर त्याच्या पुढं काठी घेऊन वाट दाखवत चालायचं. मोबदला नाही. चर्चमध्ये त्यांची बाकं शेवटची, आणि वरच्या वाड्यांतली पोरगी खालच्या वाडीत द्यायची नाही.

पुढं हे सगळं मोडलं, जहागीरदार गेले, आणि बऱ्याच काळानं सरकारनं तिन्ही वाड्यांची मिळून एक पंचायत केली. पंचायतीला मानचिन्ह हवं. वरच्या वाड्यांचं म्हणणं पडलं, जहागीरदाराच्या ढालीवर सिंह होता, तोच घ्या. पण गावच्या मास्तरांना जुन्या कागदांत एक शिक्का सापडला होता. मेणावर उठवलेली नुसती काठी. मास्तर म्हणाले, सिंह आजूबाजूच्या निम्म्या गावांकडे आहे. ही काठी फक्त आपल्याकडे आहे.

सभेत सगळ्यात जास्त विरोध केला तो हान्नाबाईंच्या वडिलांनी, आणि ते तर खालच्या वाडीचे, निरोप्यांच्या घरातले. ते उठून म्हणाले की या काठीनं माझ्या आजोबांचे गुडघे खाल्ले, आता ती माझ्या नातवंडांच्या शाळेवर लावता काय. हान्नाबाई तेव्हा विशीतल्या. त्या बापाच्या विरुद्ध उठल्या. त्यांना काठी हवी होती. त्या सांगायच्या, त्या रात्री आमच्याकडे कुणी कुणाशी बोललं नाही. सभा तीनदा भरली आणि तीनदा काही न ठरता उठली. चौथ्या वेळी वरच्या वाडीतला सगळ्यात मोठा शेतकरी उभा राहिला. तो म्हणाला, काठी घ्यायची असेल तर ती खालच्या वाडीची म्हणून घ्यायची नाही. माझ्या दारावर लागेल, माझ्या पोराच्या गणवेशावर लागेल, कुणी विचारलं की ही कसली, तर मी सांगेन की ही आमची. तेव्हा कुठं हान्नाबाईंच्या वडिलांनी हात वर केला.

हे सांगून सरांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मी म्हटलं, छान गोष्ट आहे. ते म्हणाले, "हो, पण अर्धीच आहे." मी विचारलं नाही, उरलेली कुठली.

उरलेली अर्धी त्यांनी पुढं काही महिन्यांनी सांगितली, आमच्या घरी. त्या दिवशी ते स्वतः बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा करून डबा घेऊन आले होते. तिखट इतकं की इरा दोन ग्लास दूध प्यायली. जेवणं झाली, इरा झोपायला गेली. निखिलनं सहज विचारलं की त्या काठीचं तुम्हाला एवढं काय वाटतं, सर.

सर म्हणाले, आमच्या आजोबांकडेही होती.

मला त्यांच्या आडनावावरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलेलं दाखवायचं नाही, म्हणजे आपण पुढारलेले, अशी माझी समजूत होती. त्यामुळं दोन वर्षांत मी त्यांना त्यांच्या घरचं असं काही विचारलंच नव्हतं. परदेशाहून बोटीनं आलेल्या माणसाला विचारावं तसं फक्त जर्मनीचं विचारत राहिले.

त्यांचे आजोबा गावचे वेसकर होते. घुंगरू बांधलेली काठी हातात, घोंगडी खांद्यावर. गावात कुणी मेलं की चार गावांत सांगावा घेऊन तेच जायचे, भर उन्हात, आणि ज्याला सांगायचं त्याच्या अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचे. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचे. घुंगरू कशाला, तर आवाज ऐकून लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्यापासून.

धर्मांतराहून परत आल्यावर आजोबांनी ती काठी गुडघ्यावर मोडली. घुंगरू काढून विहिरीत टाकले. काठीचे तुकडे चुलीत घातले आणि आजीला म्हणाले, चहा ठेव. सरांचे वडील तेव्हा लहान होते. ते आयुष्यभर सांगायचे की तसा चहा पुन्हा कधी झाला नाही. त्यांच्या घरात ही गोष्ट दर वर्षी सांगितली जायची, लग्नात सांगितली जायची, सर जर्मनीला निघाले तेव्हा स्टेशनवरही सांगितली गेली.

"आणि मी तिकडे बसमधून उतरतो तर काय," सर म्हणाले, "काठी ढालीवर. सोन्याची."

पहिलं वर्षभर त्यांना राग यायचा. ज्या वस्तूच्या राखेवर आपण माणूस म्हणून उभे राहिलो, ती हे लोक मिरवतात. मग हान्नाबाईंनी सभेची हकिकत सांगितली. सरांनी त्यांना आपल्या आजोबांची सांगितली. त्या म्हणाल्या, तुझे आजोबा आणि माझे वडील एका बाकावर बसले असते तर भांडले नसते. मी निखिलकडे बघितलं. निखिलनं सरांना विचारलं, मग बरोबर कोण? जाळणारे की रंगवणारे?

सरांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "आजोबांनी जाळली ते बरोबरच. त्याशिवाय त्यांचे पाय मोकळे झाले नसते. तिकडच्यांना रंगवता आली, कारण ती वरच्या वाडीनं पण उचलली. आपल्याकडे अजून कुणी उचलायला आलेलं नाही. आलं, तर मी काढीन चित्र."

त्या रात्री मला वाटलं, हे सगळ्यांनी ऐकायला हवं. मी तेव्हा इथल्या एका मराठी मंडळाची कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळत होते. वार्षिक मेळावा तोंडावर आला होता. मी सरांना बोलायचं आमंत्रण दिलं. ते आधी नको म्हणाले. मग मी दोनदा मागे लागले, तेव्हा हो म्हणाले, आणि हो म्हटल्यावर मात्र लहान मुलासारखे कामाला लागले. दोन पानांचं टिपण लिहून दिलं. इराला बरोबर घेऊन पुठ्ठ्याची हातभर ढाल कापली. हिरवा रंग तीनदा बदलला. सोनेरी रंगासाठी दोघं ब्रास बासाहच्या रंगसाहित्याच्या दुकानांपर्यंत जाऊन आले.

टिपण मी मंडळाच्या अध्यक्षांना पाठवलं. वयानं मोठे, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. विषय वेगळा आहे, आवडला, असं म्हणाले. जर्मनीचा भाग तर फारच रंजक. फक्त तो शेवटचा घरगुती भाग नको. लोक सणासुदीचे मुलाबाळांना घेऊन येतात, उगीच कुणाला काही वाटायला नको. "तुम्ही त्यांच्या जवळच्या आहात. तुम्हीच सांगा जरा नीट," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भाऊ वाईट माणूस नव्हते. निखिलला पहिली नोकरी गेल्यावर दुसरी त्यांच्याच ओळखीनं लागली होती. मी त्यांना नाही म्हणू शकले असते. किंवा सरांना जाऊन जसंच्या तसं सांगू शकले असते. मी तिसरंच केलं. नवव्या मजल्यावर गेले आणि म्हटलं, "सर, वेळेची फार अडचण झालीय हो. वीसच मिनिटं मिळतायत. तर आपण जर्मनीचंच घेऊ या का? बाकीचं पुढच्या वेळी सविस्तर."

सर पुठ्ठ्यावर पानाची शीर काढत होते. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "वेळ कमी आहे, की..." असं म्हणाले आणि तिथंच थांबले. वर बघून माझा चेहरा त्यांनी थोडा वेळ पाहिला असेल. मग म्हणाले, "ठीक आहे. वीस तर वीस."

मेळावा बेडोकच्या एका हॉलमध्ये होता. सर नवा शर्ट घालून आले होते. ते फार सुरेख बोलले. धातू आणि रंग, डावं-उजवं, मेणावरचा शिक्का, हान्नाबाई आणि त्यांचे वडील, चौथी सभा. हॉलमध्ये मुलंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. वीस मिनिटं पुरी व्हायच्या आत त्यांनी संपवलं.

मग प्रश्नांची वेळ झाली. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "सर, एवढ्या लांबच्या गावाची काठी तुम्हाला इतकी जवळची का वाटते?"

मी स्टेजच्या कडेला, घड्याळ घेऊन बसले होते. सरांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ते फक्त विचारत होते. मला मान हलवायची होती, होकाराची. एवढंसं काम होतं. मी खाली घड्याळाकडे बघितलं.

"सहा वर्षं तिथं भाड्यानं राहिलो ना," सर म्हणाले, "म्हणून."

लोक हसले, टाळ्या झाल्या. भाऊंनी शाल आणि नारळ दिला. पुठ्ठ्याची ढाल हातातून हातात फिरली, सगळ्यांनी ती छातीशी धरून फोटो काढून घेतले. कार्यक्रम ठरल्यापेक्षा अर्धा-पाऊण तास आधीच आटोपला. जेवण यायला वेळ होता, म्हणून कुणीतरी तंबोला काढला. सर इराच्या शेजारी बसून तिच्या तिकिटावरचे आकडे खोडत होते. तिची वरची ओळ लागली.

त्यानंतर सर आमच्याकडे येत राहिले. हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण ते आले नसते तर मला सोपं गेलं असतं. इराचं मराठी चालू राहिलं. पाट्या वाचणं चालू राहिलं. बदललं ते एकच, आणि लक्षात यायला मला महिनाभर लागला. ते आता "आमच्या गावात" असं म्हणत नसत. "जर्मनीत" म्हणायचे. वर्ध्याचं तर नावच नाही. बोलता बोलता काही आठवल्यासारखं व्हायचं, ओठ हलायचे, आणि मग हवापाण्यावर काहीतरी बोलायचे. कोणता ओढा, असं विचारायची पाळी आमच्यावर पुन्हा आली नाही.

मी माफी मागायचं ठरवत होते. वाक्यं तयार करायचे. लिफ्टमध्ये भेटले तर म्हणेन, मग लिफ्टमध्ये दुसरं कुणीतरी असायचं. रविवारी म्हणेन, तर रविवारी इरा बरोबर. असं करता करता आठ-नऊ महिने गेले. एक दिवस लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले की संस्थेनं करार वाढवलेला नाही, कामाच्या पासची मुदत या महिन्यात संपते, नागपूरला परत चाललोय.

सामान आवरायला मी गेले. सामान तरी काय, पुस्तकांची चार खोकी आणि एक बॅग. सर खोक्यांना चिकटपट्टी लावत होते, मी दुसरी बाजू दाबून धरत होते. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी वेळ होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तंबोला संपेपर्यंत मी तिथंच होतो."

मग मी सगळं सांगितलं. भाऊंचा फोन, ते काय म्हणाले, मी काय केलं. सरांनी पट्टी कापली, कड बोटानं नीट दाबली.

"त्यांना नको होतं, हे मला सांगायचं होतं तुम्ही," ते म्हणाले. "मग बोलायचं की नाही ते मी ठरवलं असतं. कदाचित नसतोही बोललो. पण ते माझं मी ठरवलं असतं."

"मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं, सर."

"तुम्हाला भाऊंनाही दुखवायचं नव्हतं. दोघांपैकी मी ऐकून घेईन, हे तुम्हाला ठाऊक होतं. एवढंच झालं."

ते चिडून बोलले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तसं बोलले. मग म्हणाले की चहाची भांडी अजून बांधलेली नाहीत, घोटभर घेऊ. आम्ही चहा घेतला. इरा शाळेतून आली की तिला खाली पाठवा, म्हणाले. निरोप घ्यायचाय आणि तिचं एक चित्रांचं पुस्तक माझ्याकडे राहिलंय.

विमानतळावर आम्ही तिघं गेलो होतो. तिथं हौगांगला राहणारा त्यांचा एक सहकारी आला होता, गजभिये, तरुण इंजिनिअर. त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या काळात सरांनी त्याचा उल्लेख शंभरदा केला असेल. मी कधी त्याला घरी बोलावलं नव्हतं.

सरांनी इराशी हात मिळवला. तिनं न अडखळता विचारलं, "सर, तुम्ही परत कधी येणार?" ते म्हणाले, तू नागपूरला ये, तिकडे सगळ्या पाट्या मराठीत आहेत, तुला बरंच काम पडेल. निखिलला मिठी मारली. गजभिये पुढं झाला, दोघं एकमेकांना "जय भीम" म्हणाले, सहज, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. मग सर माझ्याकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "येतो, ताई. नमस्कार."

मलाही तेच म्हणायचं होतं, गजभिये म्हणाला ते. शब्द तोंडाशी आला होता. तो मी उच्चारला तर त्यांना काय वाटेल, मला तेवढा हक्क आहे का, की आत्ता म्हणणं म्हणजे पुन्हा स्वतःचीच सोय बघणं, असं सगळं एका क्षणात मनात आलं. मी हात जोडले. "नमस्कार, सर," असं म्हटलं.

ते काचेपलीकडे गेले. पासपोर्ट तपासणारी ती यंत्राची फाटकं आम्हाला बाहेरून दिसत होती. सर एका फाटकापुढं उभे राहिले. ते उघडलं नाही. मागे सरले, पासपोर्ट पुन्हा ठेवला, तरी उघडलं नाही. यंत्राला चेहरा ओळखू येत नसावा. मागे रांग वाढत होती. सरांना त्याची काही घाई दिसली नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला नाही, हातातच धरला आणि मान ताठ करून यंत्राकडे सरळ बघत उभे राहिले. फाटक उघडलं. ते आत गेले, आणि बॅग ओढत उजवीकडे वळले.